ईजिप्त व प्राचीन महाराष्ट्र : व्यापार आणि कलासंबंध

सातवाहनकालीन महाराष्ट्र आणि रोमन अंमलाखालील ईजिप्त यांच्यात मुख्यतः इसवी सनाच्या पहिल्या व दुसऱ्या शतकांत प्रस्थापित झालेले संबंध. या संबंधांची महाराष्ट्राच्या अंतर्भागातील प्रमुख केंद्रे म्हणजे गोदावरीकाठचे पैठण (प्राचीन प्रतिष्ठान), तेरणा नदीवरील तेर (प्राचीन तगर) आणि केळणा नदीवरील भोकरदन (प्राचीन भोगवर्धन) ही होत. तिन्ही स्थळे मराठवाड्यात असून ती अनुक्रमे छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचा औरंगाबाद), धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) व जालना या जिल्ह्यांत मोडतात. पैठण व तेर यांना जोडणारी सरळ रेषा आजच्या बीड जिल्ह्यातून जाते. या जिल्ह्यातील नारायणगड हे देवस्थान पुष्कळ उत्तरकालीन असले, तरी त्याच्या सभोवतीचा डोंगराळ मुलूख या दोन प्राचीन नगरांच्या दरम्यानच्या टापूत येतो.

ईजिप्तची तत्कालीन स्थिती : महाराष्ट्राचा संबंध आला तो पिरॅमिडकालीन ईजिप्तशी नव्हे. गीझाचे पिरॅमिड इ. स. पू. सुमारे २५०० च्या आसपासचे आहेत, सातवाहनांचा उदय होईपर्यंत फेअरोंची स्वतंत्र सत्ता संपुष्टात येऊन टॉलेमी या ग्रीक घराण्याची राजवट (इ. स. पू. ३०५–३०) तेथे सुरू झाली होती. इ. स. पू. ३० मध्ये ईजिप्त रोमन साम्राज्याचा प्रांत झाला. तथापि राज्यकर्ते बदलले म्हणून प्राचीन कलापरंपरा लगेच लुप्त झाली नाही. डेंडेरा व एस्ना येथील मंदिरांच्या भिंतींवर रोमन सम्राटच फेअरोच्या पारंपरिक वेषात देवांना नैवेद्य अर्पण करताना कोरलेले आहेत. त्याच काळात फायूम भागात ममीच्या मुखावर बसविण्यासाठी लाकडी फळ्यांवर ग्रीक-रोमन पद्धतीची व्यक्तिचित्रे रंगविली जात होती. ॲलेक्झांड्रिया हे काचकाम, धातुकाम व सुगंधी द्रव्ये यांच्या उत्पादनाचे मोठे केंद्र होते. जुन्या रूढ आकृती व नवे तंत्र यांचे हे सहअस्तित्व ध्यानात घेतले, म्हणजे दख्खनमधील कारागिरांनी परकीय तंत्राचा केलेला वापरही नीट समजतो.

व्यापारमार्ग : या व्यापाराची सर्वांत महत्त्वाची माहिती पेरिप्लस ऑफ द एरिथ्रीअन सी या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात मिळते. त्याचा अज्ञात कर्ता ईजिप्तमध्ये राहणारा ग्रीकभाषी व्यापारी होता. माल नाईल नदीतून कॉप्टॉसपर्यंत नावांतून व तेथून वाळवंटातून उंटांवरून तांबड्या समुद्रावरील म्योस होर्मोस व बेरेनीके या बंदरांत नेला जाई. कॉप्टॉस ते बेरेनीके हा प्रवास बारा दिवसांचा होता. जहाजे जुलैच्या सुमारास निघून नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या साहाय्याने भारतात येत आणि हिवाळ्यातील ईशान्य वाऱ्यांबरोबर परत जात. ऑगस्टसच्या काळात म्योस होर्मोसहून वर्षाकाठी १२० जहाजे भारताकडे जात, असे स्ट्रेबो या भूगोलवेत्त्याने नमूद केले आहे.

पेरिप्लसप्रमाणे बॅरिगाझा (भडोच) बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या व पैठणपासून तगर दहा दिवसांच्या वाटेवर होते. माल गाड्यांतून, दुर्गम प्रदेशातून बंदरावर आणला जाई. तगराचे स्थान कोणते याविषयी दीर्घकाळ मतभेद होते, जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये ते तेर असल्याचे प्रतिपादिले. या मताला अंतरांचाही आधार मिळतो. भडोच ते पैठण हे सरळ अंतर सु. ३५० किमी. आणि पैठण ते तेर सु. १५० किमी. आहे. दोन्ही टप्प्यांत दिवसाची मजल पंधरा ते अठरा किमी. पडते व लादलेल्या बैलगाड्यांना ती साजेशी आहे. मात्र तेर हे पैठणच्या आग्नेयेस आहे, ग्रंथात म्हटल्याप्रमाणे थेट पूर्वेस नाही. कर्त्याने अंतर्भागाची माहिती बंदरावरील व्यापाऱ्यांकडून ऐकली असणे शक्य आहे.

पैठणला भडोचपेक्षा कोकणातील बंदरे जवळची असूनही माल भडोचला का जाई, याचे उत्तर राजकारणात सापडते. कल्याण हे पूर्वी रीतसर बंदर होते. परंतु नंतर तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचकडे नेली जात, असे पेरिप्लस सांगतो. भडोच तेव्हा पश्चिमी क्षत्रपांच्या ताब्यात होते. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरात नहपानाचा पराभव केला. नासिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा उठविलेला आहे. सातवाहन-क्षत्रप संघर्षामागे भूमीइतकेच बंदरांच्या उत्पन्नाचेही कारण होते, हे यावरून दिसून येते.

व्यापारी माल : पैठणहून अकीक जातीचे खडे, तर तगरहून साधे कापड व निरनिराळ्या प्रकारची मलमल मोठ्या प्रमाणावर भडोचला जाई. दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत अकीक व कार्नेलियन यांसारखे गारगोटीवर्गीय खडे नैसर्गिक रीत्या तयार होतात. ते भाजून त्यांचा तांबडा रंग गडद करणे, घासणे व भोक पाडून मणी बनविणे, हा या भागातील जुना धंदा होता. पूर्ण, अर्धवट व फुटलेले मणी एकाच ठिकाणी सापडले, की तेथे प्रत्यक्ष निर्मिती होत होती, असे मानले जाते. आयात मालात द्राक्षमद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळी, काच, सुगंधी द्रव्ये आणि सोन्याचांदीची नाणी यांचा समावेश होता. राजासाठी चांदीची मूल्यवान भांडी व उंची मद्य आणले जाई.

पैठणचे व्यापारी या संपर्कापूर्वीही संपन्न होते. पितळखोरे येथील लेण्यात मितदेव नावाच्या पैठणच्या गंधिकाचा (सुगंधी द्रव्यांचा व्यापारी) दानलेख असून तो इसवी सनापूर्वीचा आहे. परदेशी व्यापाराने ही बाजारपेठ निर्माण केली नाही, तर आधीच असलेली बाजारपेठ विस्तारली. कार्ले येथील चैत्यगृहात धेनुकाकट येथील ‘यवनां’च्या देणग्या नोंदलेल्या आहेत, त्यांची नावे बव्हंशी भारतीय वळणाची आहेत. त्यामुळे ‘यवन’ म्हणजे दर वेळी ॲलेक्झांड्रियाहून आलेला ग्रीक, असे समीकरण मांडता येत नाही.

कला : तेर येथे पांढऱ्या मातीच्या (केओलीन) व तांबड्या भाजक्या मातीच्या मूर्ती विपुल मिळाल्या आहेत. त्यांतील अनेक मूर्ती दुहेरी साच्याच्या आहेत : पुढील व मागील अर्ध वेगवेगळ्या साच्यांत दाबून मग ते सांधले जात व मूर्ती आतून पोकळ राही. त्यामुळे ती हलकी होई आणि भाजताना तडकण्याची भीती कमी होई. ही पद्धत ईजिप्तसह भूमध्य सागरी प्रदेशात प्रचलित होती व तिचा दख्खनमधील प्रसार सामान्यतः त्या संपर्काशी जोडला जातो. परंतु मूर्तींचे विषय, भरगच्च केशभूषा, जड कर्णभूषणे, मेखला व चेहऱ्याची ठेवण ही सर्व दख्खनची आहेत. रोमन नाण्यांच्या मातीतील प्रतिकृतीही तेरला सापडल्या असून गळ्यात अडकविण्याची त्यांत सोय आहे. म्हणजे परदेशातील चलन येथे अलंकार बनले.

उलट दिशेच्या प्रवासाचे उत्कृष्ट उदाहरण हस्तिदंती शिल्पाचे आहे. इ. स. ७९ मध्ये व्हीस्यूव्हिअसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरात १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तेर व भोकरदन येथील हस्तिदंती स्त्रीमूर्तींशी तिचे निकटचे साम्य आहे. त्यामुळे ती याच भागात घडविली गेली असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. आयात कलावस्तूंत कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी येथे सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती सर्वांत प्रसिद्ध आहे.

ईजिप्तमधील पुरावा : बेरेनीके येथे १९९४ पासून झालेल्या उत्खननांनी या विषयाला नवी दिशा दिली. तेथील एका मंदिराच्या आवारात भारतीय बनावटीच्या रांजणात सु. साडेसात किग्रॅ. मिरी मिळाली. सागवानी लाकूड, मणी व सुती वस्त्रांचे तुकडेही सापडले. ईजिप्तमधील सुताचा पीळ एका दिशेचा, तर भारतीय सुताचा त्याच्या उलट दिशेचा असल्याने ही वस्त्रे ओळखता येतात. मराठवाड्याच्या मातीत कापड पावसाळी ओलीने कुजून जाते. तगरच्या मलमलीचा एक धागाही तेथे मिळणे कठीण. याउलट ईजिप्तच्या कोरड्या वाळूत भारतीय कापड दोन हजार वर्षे टिकले. २०२२ मध्ये याच बंदरातील आयसिस देवतेच्या मंदिरात सु. ७१ सेंमी. उंचीची संगमरवरी बुद्धमूर्ती मिळाली. तिच्याबरोबरच फिलिप या रोमन सम्राटाच्या काळातील (२४४–४९) एक संस्कृत लेख व दुसऱ्या शतकातील दोन सातवाहन नाणी यांचा शोध २०२३ मध्ये जाहीर झाला. सातवाहनांच्या राज्यातील माणसे अथवा त्यांच्याशी व्यवहार करणारे व्यापारी थेट ईजिप्तच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचले होते, याला या नाण्यांनी बळकट आधार दिला.

संशोधन व मूल्यमापन : तेर येथे बी. एन. चापेकर यांनी १९५८ मध्ये, तर भोकरदन येथे शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांनी १९७३ मध्ये उत्खनन केले. तेरमधील पुष्कळ वस्तू मात्र उत्खननापूर्वीच पांढरीची माती खताकरिता नेताना अथवा पावसाने धुपून वर आल्या होत्या. रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या चिकाटीने गोळा केल्या व त्यांच्या संग्रहातून तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. या संग्रहामुळे वस्तू वाचल्या, तथापि त्या कोणत्या थरातील होत्या याची नोंद नसल्याने त्यांचा काळ केवळ शैलीवरून ठरवावा लागतो. पूर्वी सरसकट रोमन मानलेल्या मद्यकुंभांच्या खापरांपैकी काही मेसोपोटेमियातील निमुळत्या कुंभांची असल्याचे अलीकडील अभ्यासात स्पष्ट झाले आहे. यावरून मराठवाड्याचा संबंध एकट्या ईजिप्तशी नव्हे, तर इराणी आखाताशीही होता, असे दिसते.

तिसऱ्या शतकात सातवाहन सत्ता लयास गेली व रोमन साम्राज्यातही अस्थिरता आली. त्यामुळे हा व्यापार रोडावला. तेर मात्र नांदते राहिले. तेथील त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर मूळ चापाकार चैत्यगृहाच्या घाटाचे आहे आणि शिलाहार राजांनी ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद अभिमानाने मिरविले. ईजिप्तशी आलेल्या संपर्काने दख्खनची कला ईजिप्शियन झाली नाही, तसेच ईजिप्तचीही भारतीय झाली नाही. येथील कुंभार, मणिकार व दंतकार यांनी परदेशी तंत्र पारखून घेतले आणि आपल्या घडणीला जगाच्या बाजारात स्थान मिळवून दिले. मराठवाड्यातील पांढरीच्या टेकाडांचे महत्त्व यातच आहे. त्यांतील माती शास्त्रीय नोंदीविना हलविली गेली, तर या कारागिरांच्या इतिहासाचे अन्यत्र न मिळणारे साधन कायमचे नष्ट होते.