कार्बनी रसायनशास्त्रातील मूलभूत संज्ञा आणि अभिक्रियांची ऊर्जा

कार्बनच्या संयुगांची संरचना, गुणधर्म व अभिक्रिया यांचा अभ्यास करणारी रसायनशास्त्राची शाखा म्हणजे कार्बनी रसायनशास्त्र. कार्बनची ऑक्साइडे, कार्बोनेटे अशी काही साधी संयुगे मात्र परंपरेने तिच्या कक्षेबाहेर ठेवली जातात. असे पदार्थ केवळ सजीवांच्या शरीरातच तयार होतात, ही जुनी समजूत १८२८ मध्ये फ्रीड्रिख व्होलर यांनी अमोनियम सायनेटपासून युरिया मिळवल्यानंतर ढासळू लागली. या शाखेतील संरचनेच्या संज्ञा आणि अभिक्रियांच्या ऊर्जेच्या संज्ञा पाठ्यपुस्तकांत सहसा निरनिराळ्या प्रकरणांत येतात आणि त्यामुळे त्यांचा परस्परसंबंध विद्यार्थ्याच्या लक्षात येत नाही. भंडारा जिल्ह्यातील मोह, धान, मँगनीजचे खनिज आणि जवाहरनगरची आयुध निर्माणी यांच्या आधारे हा संबंध स्पष्ट करता येतो.

कार्बनची संयुजा चार आहे, म्हणजे त्याचा एक अणू इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीतून चार सहसंयुजी बंध जोडू शकतो. शिवाय कार्बनचे अणू एकमेकांशी जोडले जाऊन सरळ, शाखायुक्त वा वलयाकार साखळ्या बनतात आणि या गुणधर्माला मालिकाबंधन म्हणतात. साखळीला जोडलेला जो अणू किंवा अणुसमूह संयुगाचे रासायनिक वर्तन ठरवतो, तो क्रियात्मक गट. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळणाऱ्या मोहफुलांत शर्करा विपुल असतात. त्यांपैकी ग्लुकोजच्या रेणूत सहा कार्बन, बारा हायड्रोजन व सहा ऑक्सिजन अणू असून त्यावर अनेक हायड्रॉक्सिल गट असतात. फ्रुक्टोजचे रेणुसूत्र हेच आहे, पण अणूंची मांडणी वेगळी. रेणुसूत्र समान आणि संरचना भिन्न असण्याला समघटकता म्हणतात. हा भेद कागदावरचाच नसतो. फुले आंबवून, म्हणजे किण्वनाने, मिळणारे इथेनॉल आणि डायमिथिल ईथर हीदेखील समघटक संयुगे आहेत, तरी इथेनॉल ७८.३° से. ला उकळते, तर डायमिथिल ईथर सुमारे उणे २४° से. लाच वायुरूप होते, कारण इथेनॉलचे रेणू हायड्रॉक्सिल गटामुळे हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून राहतात आणि ईथरच्या रेणूंना आपसांत तसे बंध जोडता येत नाहीत.

एकच क्रियात्मक गट असलेल्या आणि क्रमाने एका कार्बनचा व दोन हायड्रोजनांचा फरक असलेल्या संयुगांच्या मालिकेला समजातीय श्रेणी म्हणतात. तिच्यातील शेजारी रासायनिकदृष्ट्या सारखे असले, तरी शरीरावरील त्यांचा परिणाम सारखा नसतो: मिथेनॉल हे इथेनॉलच्या लगतचे संयुग अल्प मात्रेतही अंधत्व व मृत्यू आणू शकते.

मोहाच्या बियांचे तेल संपृक्त व असंपृक्त या संज्ञांसाठी उपयोगी आहे. त्यातील स्टिअरिक आम्ल आणि ओलिइक आम्ल या दोहोंत कार्बनचे अठराच अणू असतात. पहिल्याच्या साखळीत कार्बन-कार्बन बंध सर्व एकेरी असल्याने ते संपृक्त ठरते आणि सुमारे ६९° से. ला वितळते, दुसऱ्यात एक दुहेरी बंध असल्याने साखळी वाकते, रेणू दाटीने रचले जात नाहीत आणि ते १३-१४° से. लाच वितळते. हे तेल थंडीत थिजते ते त्यातील संपृक्त आम्लांच्या लक्षणीय प्रमाणामुळे. कॉस्टिक सोड्याबरोबर तापवल्यास तेलातील एस्टर गट तुटून ग्लिसरॉल व आम्लांची सोडियम लवणे, म्हणजे साबण, तयार होतात. या अभिक्रियेला साबणीभवन म्हणतात.

रासायनिक अभिक्रियेत जुने बंध तुटतात व नवे जोडले जातात. बंध तोडताना ऊर्जा नेहमी खर्च होते आणि बंध जुळताना ती नेहमी बाहेर पडते. ‘बंधात ऊर्जा साठवलेली असते व तो तुटला की ती मोकळी होते’ हे प्रचलित विधान चुकीचे असून ते वेळीच सोडून द्यावे हे उत्तम. स्थिर दाबाखाली होणाऱ्या उष्णतेच्या देवघेवीला एन्थाल्पीतील बदल म्हणतात. उष्णता बाहेर पडत असेल तर अभिक्रिया ऊष्मादायी व बदल ऋण, शोषली जात असेल तर अभिक्रिया ऊष्माग्राही व बदल धन मानला जातो. गेर्मेन हेस यांनी १८४० मध्ये मांडलेल्या नियमानुसार हा बदल केवळ आरंभीच्या व अखेरच्या अवस्थेवर अवलंबून असतो, मधल्या मार्गावर नाही. त्यामुळे किण्वनाची उष्णता प्रत्यक्ष न मोजताही काढता येते. एक मोल ग्लुकोजच्या पूर्ण ज्वलनात सुमारे २,८०५ किलोजूल उष्णता बाहेर पडते आणि किण्वनाने त्याच ग्लुकोजपासून मिळणाऱ्या दोन मोल इथेनॉलच्या ज्वलनात सुमारे २,७३४ किलोजूल. म्हणजे किण्वनात केवळ सत्तरेक किलोजूल उष्णता मुक्त होते व ज्वलनाने मिळू शकणाऱ्या ऊर्जेचा बहुतेक भाग इथेनॉलकडे जातो.

एवढ्या अल्प उष्णतेवर अभिक्रिया पुढे का सरकते, याचे उत्तर मुक्त ऊर्जेत आहे. एन्थाल्पीबरोबरच एन्ट्रॉपी, म्हणजे पदार्थातील ऊर्जा किती प्रकारांनी विखुरली जाऊ शकते याचे माप, विचारात घेऊन गिब्ज मुक्त ऊर्जा काढली जाते. किण्वनात शर्करेच्या एका रेणूपासून इथेनॉलचे दोन व कार्बन डायऑक्साइड वायूचे दोन रेणू तयार होऊन एन्ट्रॉपी वाढते, म्हणून मुक्त ऊर्जेतील घट एन्थाल्पीतील घटीहून कितीतरी मोठी, ग्लुकोजच्या प्रतिमोल दोनशे किलोजूलांहून अधिक, असते. मुक्त ऊर्जा घटते ती अभिक्रिया स्वयंस्फूर्त. परंतु या शब्दाचा वेगाशी काहीही संबंध नाही. वाळवलेली मोहफुले कोरडी ठेवल्यास दीर्घकाळ टिकतात, कारण अभिक्रियाकारकांना आधी संक्रमण अवस्था या अधिक ऊर्जेच्या मांडणीपर्यंत चढावे लागते आणि त्यासाठी लागणारी किमान ऊर्जा, म्हणजे सक्रियण ऊर्जा, सामान्य तापमानाला फार थोड्या रेणूंजवळ असते. तापमान व वेग यांचा हा संबंध स्वांते आऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये स्पष्ट केला.

कमी सक्रियण ऊर्जेचा पर्यायी मार्ग उपलब्ध करून देणारा व स्वतः खर्च न होणारा पदार्थ म्हणजे उत्प्रेरक. किण्वनात हे कार्य यीस्टमधील विकरे करतात. जिवंत पेशींशिवाय, केवळ यीस्टच्या अर्कानेही किण्वन होते हे एडुआर्ट बुखनर यांनी १८९७ मध्ये दाखवले व त्यासाठी त्यांना १९०७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग येथील मॉइल या कंपनीच्या खाणीत मिळणारे मँगनीज डायऑक्साइड हे अकार्बनी उत्प्रेरकाचे ठळक उदाहरण होय. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या विघटनात प्रतिमोल सुमारे ९८ किलोजूल उष्णता मुक्त होत असूनही ते बाटलीत महिनोन्‌महिने टिकते, पण या काळ्या भुकटीची चिमूट पडताच ऑक्सिजनचे बुडबुडे उसळतात. उष्णतेचा आकडा मात्र तोच राहतो, कारण उत्प्रेरकाने एन्थाल्पीतील बदल वा समतोलाचे स्थान बदलत नाही.

ऊर्जेचे प्रमाण आणि ती मुक्त होण्याचा वेग या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याची गरज स्फोटके व प्रणोदके (गोळा वा रॉकेट पुढे ढकलणारी इंधने) यांच्या बाबतीत सर्वांत तीव्रतेने जाणवते. एक ग्रॅम इथेनॉलच्या ज्वलनात सुमारे २९.७ किलोजूल ऊर्जा मिळते, तर एक ग्रॅम टीएनटी (ट्रायनायट्रोटोल्यूइन) या स्फोटकाच्या स्फोटाची ऊर्जा संकेताने सुमारे ४.२ किलोजूल धरली जाते. फरक वेगाचा आहे: इथेनॉलला ऑक्सिजन हवेतून घ्यावा लागतो. टीएनटीत नायट्रो गटांचा ऑक्सिजन रेणूतच असल्याने अभिक्रिया सेकंदाच्या अत्यल्प अंशात पूर्ण होते व तप्त वायूंचा दाब एकाएकी वाढतो. जवाहरनगर येथील आयुध निर्माणीत, जिथे प्रणोदके व स्फोटके तयार होतात, २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात किमान आठ कामगारांचा मृत्यू झाला. या क्षेत्रातील प्रत्येक संज्ञेमागे माणसांचे जीवित आहे, हे विद्यार्थ्याने विसरू नये.

अनेक प्रणोदकांचा आधार असलेले नायट्रोसेल्युलोज सेल्युलोजपासून बनते. सेल्युलोज हा धानाच्या तणसाचाही मुख्य घटक आहे. तांदळातील स्टार्चप्रमाणे तोही ग्लुकोजच्या एककांचाच बनलेला असतो, मात्र एककांना जोडणाऱ्या बंधांची अवकाशीय दिशा वेगळी असल्याने माणसाला भात पचतो आणि तणस पचत नाही. नायट्रोसेल्युलोजमधील नायट्रेट एस्टर गटांचे विघटन साठवणुकीतही मंदपणे चालू राहते व त्यातून निघणारी नायट्रोजनची ऑक्साइडे तेच विघटन आणखी वाढवतात. अभिक्रियेच्याच उत्पादिताने तिचा वेग वाढण्याच्या या प्रकाराला स्वयंउत्प्रेरण म्हणतात. ती ऑक्साइडे बांधून ठेवण्यासाठी प्रणोदकात डायफिनिलअमाइनसारखे स्थिरकारक मिसळतात आणि साठ्यातील नमुन्यांत त्याचे प्रमाण किती उरले आहे, हे ठरावीक काळाने तपासले जाते.