सतरा अबोल आज्ञा

आपल्या मंडळात निम्म्या घरांत तरी कोणी ना कोणी संगणक क्षेत्रात आहे, तेव्हा ‘व्हर्च्युअल मशीन’ हा शब्द सगळ्यांच्या कानावरून गेलेला असणार. एकाच यंत्रात अनेक यंत्रं असल्याचा भास करायचा. जुन्या वाड्यासारखं समजा: भाडेकरू दहा, पण इथे प्रत्येकाला वाटतं की अख्खा वाडा आपलाच! भाडेकरू म्हणजे विंडोज किंवा लिनक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टिम, आणि हा भास सांभाळणारा दिवाणजी म्हणजे हायपरव्हायझर.

कल्पना जुनी आहे. आय.बी.एम.च्या मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज केंद्रात १९६४ मध्ये काम सुरू झालं आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० बाजारात आलं. तिथे यंत्र आणि दिवाणजी एकाच घरचे. हार्डवेअर नडलं तर तेच बदलून घेता येई. पहिल्या प्रयोगासाठी मॉडेल ४० या यंत्रात खास फेरफार केलेच होते.

१९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी यामागचा नियम कागदावर मांडला. यंत्राच्या स्थितीला हात लावणारी किंवा ती उघड करणारी आज्ञा भाडेकरूने दिली, की प्रोसेसरने तिथेच थांबून दिवाणजीला हाक मारली पाहिजे.

आपल्या पीसीमधल्या इंटेल प्रोसेसरला हा नियम ठाऊकच नव्हता. त्यातली ‘पॉपएफ’ ही आज्ञा घ्या. भाडेकरू म्हणतो, “इंटरप्ट बंद कर.” त्याला तो अधिकार नाही, तर प्रोसेसरने तक्रार करावी की नाही? तो गप्प बसतो. काम करत नाही आणि नकारही देत नाही. इंटरप्ट बंद आहेत असं समजून भाडेकरू नाजूक काम हाती घेतो आणि मध्येच इंटरप्ट आला की सगळा विचका होतो. पेंटियममध्ये अशा सतरा आज्ञा आहेत, हे रॉबिन आणि अर्विन यांनी २००० साली मोजून दाखवलं.

त्याआधीच, १९९९ मध्ये, स्टॅनफर्डच्या मेंडेल रोझेनब्लम आणि सहकाऱ्यांच्या व्हीएमवेअरने ही अडचण ओलांडली होती. भाडेकरूचा गाभ्याचा कोड चालण्याआधी वाचायचा आणि धोक्याच्या आज्ञांच्या जागी निर्धोक आज्ञा घालायच्या. दिवाणजीची स्वतःची खोली मेमरीच्या एका कोपऱ्यात. तिथे कोणी शिरू नये म्हणून प्रोसेसरची ‘सेगमेंट’ची हद्द वापरलेली. एएमडीने २००३ मध्ये ६४-बिट प्रोसेसर आणला, तेव्हा ६४-बिट पद्धतीतून नेमकी ही हद्दच काढून टाकली! पुढच्या चिप्समध्ये एएमडीने ती परत आणली, इंटेलने नाही. त्यामुळे तेच सॉफ्टवेअर एका चिपवर ६४-बिट भाडेकरू ठेवी आणि दुसरीवर नाही म्हणे.

२००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी दोघांनी हार्डवेअरमध्येच मदत दिली. आता प्रश्न मिटला असं वाटेल. पण पीसी सुरू होताना १६-बिट ‘रिअल मोड’मध्ये जागा होतो, आणि इंटेलच्या सुरुवातीच्या सोयीत भाडेकरूला तो मोडच वर्ज्य होता! तेवढा काळ हायपरव्हायझरने सोंग आणायचं. ही उणीव २०१० च्या सुमारास भरून निघाली. शिवाय व्हीएमवेअरच्या अ‍ॅडम्स आणि आगेसेन यांनी २००६ मध्ये दाखवून दिलं, की जुनी सॉफ्टवेअरची युक्ती बरेचदा या नव्या हार्डवेअरपेक्षा वेगवान होती.

एव्हाना चालतं यंत्र एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवणं सुरू झालं होतं. प्रोग्रॅम सुरुवातीला ‘सीपीयूआयडी’ विचारून प्रोसेसरला काय काय येतं ते लक्षात ठेवतो. नव्या जागी ते नसेल तर जागीच कोसळतो. म्हणून २००८ पासून व्हीएमवेअरने सोय केली, की गटातल्या सगळ्या प्रोसेसरांनी सर्वांत कमी येणाऱ्याइतकंच येतं असं सांगावं. पण लपवलेली आज्ञा न विचारता वापरली तर चालायचीच. तिथे दिवाणजीचा इलाज नाही.

मला सर्वांत गंमत वाटते ती लिनक्सच्या केव्हीएमची. इंटरप्ट कंट्रोलर रीसेट झाल्यावर त्याची एक वाट नियमाप्रमाणे बंद हवी. केव्हीएम ती उघडी ठेवतं. चूक स्वतः केव्हीएमचीच, पण ती सुधारली तर तिच्या भरवशावर चालणारे जुने भाडेकरू अडतील. म्हणून २०१५ मध्ये अशा चुकांची नावानिशी यादी केली गेली. ज्याला नियमाप्रमाणे वागणूक हवी, त्याने त्या एकेक करून बंद कराव्यात. काहीच सांगितलं नाही, तर जुनी चूक चालू राहते.