एक जूनची माणसं

दरवर्षी ३१ मे रोजी महाराष्ट्रातल्या सरकारी कार्यालयांमध्ये, जिल्हा परिषदांमध्ये आणि शाळांमध्ये निरोप समारंभांची रांग लागते. इतर कोणत्याही महिन्याच्या शेवटी इतके लोक एकदम निवृत्त होत नाहीत. यामागचा नियम साधा आहे. कर्मचारी ज्या महिन्यात वयाची अट पूर्ण करतो, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी तो निवृत्त होतो. पण जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणजे ३१ मेची ही गर्दी कागदोपत्री १ जूनला जन्मलेल्या माणसांची असते.

आमच्या सोनपेठला कुठल्याही पारावर पन्नाशी ओलांडलेल्या दहा माणसांना जन्मतारीख विचारा. निम्म्याहून जास्त जण १ जून सांगतील आणि सांगताना हसतील. मराठवाड्यातल्या आणि एकूणच ग्रामीण महाराष्ट्रातल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. ही तारीख आईनं नव्हे, मास्तरांनी दिलेली असते हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण मास्तरांवर ती देण्याची वेळ का आली, आणि तिच्यामुळे पुढे साध्या ड्रायव्हिंग लायसन्सपर्यंत काय काय घडलं, हा इतिहास सहसा कुणी सलग सांगत नाही. तो इथे मांडायचा प्रयत्न करतो.

सुरुवात लायसन्सपासूनच करू. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ४ वयाबद्दल आहे. पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीला १६ वर्षं, इतर गाड्यांना १८ आणि ट्रक, टॅक्सी, बस अशा वाहतुकीच्या गाड्यांना २०. वय सिद्ध कशानं करायचं, ते १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांमधला नियम ४ सांगतो. त्यात वय आणि पत्त्यासाठी कागदांची यादी आहे: मतदार यादी, आयुर्विम्याची पॉलिसी, पासपोर्ट, सरकारी पगाराची चिठ्ठी, शाळेचा दाखला, जन्माचा दाखला, वयाबद्दल सिव्हिल सर्जनच्या दर्जाच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र. नंतरच्या काळात आधार आलं. शिवाय एक पळवाट ठेवली आहे. योग्य कारणानं यातलं काहीच देता येत नसेल, तर दंडाधिकाऱ्यापुढे किंवा नोटरीपुढे केलेलं प्रतिज्ञापत्र स्वीकारता येतं.

ही यादी नीट वाचली की एक गोष्ट जाणवते. जन्माचा दाखला हा त्यात अनेकांपैकी एक आहे. जन्माच्या कागदानं वय सिद्ध होईल, अशी खात्री नियम लिहिणाऱ्यांनाच नव्हती. डॉक्टरनं हाडं-दात बघून वय सांगावं आणि तेही जमलं नाही तर माणसानं शपथेवर सांगावं, इथपर्यंत त्यांना जावं लागलं. आमच्या भागापुरतं बोलायचं तर ते बरोबरच होतं.

परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. दरबाराची भाषा आधी फारसी आणि १८८४ च्या सुमारापासून उर्दू. सरकारी कागदावरचं वर्ष फसली. ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला सुरू व्हायचं, आजूर महिन्यापासून. मग दै, बहमन, इस्फंदार असे इराणी नावांचे महिने. फसली आकड्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतो. ‘पोलीस अ‍ॅक्शन’ झाली तेव्हा सरकारी कागदावर १३५७ फसली चालू होतं. घरात मात्र पंचांग चालायचं. पोर आषाढातलं की मार्गशीर्षातलं हे आईला नेमकं ठाऊक असायचं, पण कितव्या सालचं हे सांगता यायचं नाही. साल सांगायचं ते प्रसंगावरून. माझे आजोबा म्हणायचे, “रझाकारीत मी औतामागं चालण्याएवढा व्हतो.” औतामागं चालणारं पोर सहा वर्षांचंही असतं आणि नऊचंही. त्यांच्या वयाचा याहून अचूक पुरावा घरात कधीच नव्हता.

हे फक्त आमच्याकडचं नाही. भारतातल्या जुन्या जनगणनेची वयाची कोष्टकं पाहिली तर शून्यावर आणि पाचावर संपणाऱ्या वयांपाशी माणसांचे ढीग दिसतात. तीस, पस्तीस, चाळीस वर्षांचे भरपूर; एकतीस, सदतीस वर्षांचे मोजके. लोक खोटं बोलत नव्हते. त्यांना वय अदमासानं ठाऊक होतं आणि अदमास नेहमी गोल आकड्यावर येऊन थांबतो.

१९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. मास्तर वाड्या-वस्त्यांवर फिरून पोरं गोळा करू लागले. प्रत्येक शाळेत एक जाडजूड रजिस्टर असायचं, प्रवेश-निर्गमाचं. त्यात नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मगाव यांच्यासोबत जन्मतारीख ‘अंकी व अक्षरी’ लिहायचा रकाना होता. तो कोरा ठेवता येत नव्हता.

मास्तरांनी काय करावं? पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचा. हात कानाला पोचला तर सहा वर्षांचं झालं असं समजायचं. वर्ष ठरलं. राहिला दिवस आणि महिना. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होई. १ जून लिहिलं की त्या दिवशी पोराला बरोबर सहा पूर्ण होतात, प्रवेशाचा हिशेब चोख बसतो आणि कुणी तपासणीला आलं तर प्रश्न उरत नाही. काही मास्तर एखादं वर्ष मुद्दाम कमी लावायचे. पोरगं उद्या नोकरीला लागलंच तर वर्षभर जास्त पगार खाईल, म्हणून. निवृत्तीच्या ३१ मेच्या रांगेत या आपुलकीचाही वाटा आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. फॉर्म बनवणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. जन्मतारखेच्या रकान्यावर आम्ही लाल चांदणी लावतो: हा भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. एखादा रकाना सक्तीचा केला की तो भरला जातोच. पण तो खऱ्या माहितीनंच भरला जाईल असं नसतं. ज्यांना माहिती नसते ते सगळे सोयीचं असं एकच उत्तर भरतात, आणि मग माहितीच्या साठ्यात एका किमतीचा ढीग दिसू लागतो. तो ढीग दिसला की तिथे सांगणाऱ्याला माहीत नव्हतं, एवढं नक्की कळतं. १ जून हा असा साठ वर्षं चाललेला ढीग आहे.

खरं तर तोवर दुसरी सोय झाली होती. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ साली संमत झाला आणि महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. माझे वडील, अण्णा, कागदावर १ जून १९७० चे. म्हणजे कायदा दोन महिन्यांचा असताना त्यांचा जन्म. नोंद अर्थातच नाही. बाळंतपण घरी, सुईणीच्या हातून झालेलं. गावात नोंद घ्यायला कुणी असलं तरी आजोबांना ती करायचं कारण नव्हतं. शाळा जन्माचा दाखला मागत नव्हती, रेशन कार्डाला तो लागत नव्हता, जमिनीला तर नाहीच. ज्या कागदावाचून काही अडत नाही, तो काढायला माणूस एक दिवसाची मजुरी बुडवत नाही.

त्यामुळे शाळेचा दाखला, आमच्या भाषेत टीसी, हाच मूळ कागद झाला. त्यावरून दहावीची सनद, तिच्यावरून नोकरी, विमा, लायसन्स. वाहतुकीच्या लायसन्ससाठी तर टीसीचं दुहेरी काम होतं, कारण २०१९ मध्ये अट काढून टाकेपर्यंत ड्रायव्हर किमान आठवी पास असणं नियमानं बंधनकारक होतं. आई-बापामागं ऊसतोडीला जाऊन चौथी-पाचवीत शाळा सुटलेली आमच्याकडची कितीतरी पोरं ट्रॅक्टर, जीप, ट्रक उत्तम चालवायची. पण त्या अटीपायी कायद्याच्या लेखी ड्रायव्हर होऊ शकत नव्हती.

मग आधार आलं. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. आधारनं जन्मतारखेच्या बाबतीत एक प्रामाणिक सोय ठेवली होती. कागद असेल तर तारीख ‘पडताळलेली’, नसेल तर माणूस सांगेल ती, आणि तीही ठाऊक नसेल तर नुसतं अंदाजे वय. पण वयावरून साल काढलं तरी तारखेच्या जागी काहीतरी लागतंच. तिथे १ जानेवारी आली. २०१७ मध्ये उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडमधल्या काही गावांच्या बातम्या छापून आल्या होत्या, जिथे जवळपास सगळ्या गावाच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी होती. मास्तरांनी जूनची एक तारीख दिली, मशीननं जानेवारीची.

अण्णांना दोन्ही मिळाल्या. टीसीवर आणि जुन्या लायसन्सच्या पुस्तिकेवर १ जून १९७०, आधारवर १ जानेवारी १९६८. शिबिरात नाव नोंदवताना त्यांना वय विचारलं, त्यांनी अदमासानं सांगितलं. बरीच वर्षं काही बिघडलं नाही. अर्ज ऑनलाइन झाले आणि दोन तारखा पहिल्यांदाच एका पडद्यावर समोरासमोर आल्या. नूतनीकरणाचा अर्ज परत आला. खिडकीतला मुलगा माझ्याच वयाचा होता, बोलायला नीट होता. म्हणाला, “काका, दोन तारखा चालत नाहीत. यातली खरी कोणती?” अण्णा म्हणाले, “साहेब, खरी तर दोन्हीतली एकबी न्हाई. माणूस तेवढा खरा हाय.”

आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते. त्यासाठी टीसी पुन्हा काढावा लागला आणि टीसीसाठी शाळेचं जुनं रजिस्टर. मुख्याध्यापकांनी ते लोखंडी कपाटातून काढलं. अण्णांच्या पानावर वर-खाली बोट फिरवत गेलो तर त्या वर्षीच्या बहुतेक सगळ्या मुलांपुढे तीच तारीख होती, एकाच वळणदार अक्षरात. मुली फारच थोड्या होत्या. ज्या मुली त्या पानावर आल्याच नाहीत, त्यांना १ जूनसुद्धा मिळाला नाही. माझ्या आत्याच्या नावापुढे कुठल्याच रजिस्टरात काही नाही.

२०२३ मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा अशीच रजिस्टरं आणि निजामकाळातले उर्दू, मोडी दस्त पुन्हा उघडले गेले. वयासाठी लिहिलेल्या वह्या जातीसाठी वाचल्या जाऊ लागल्या. मास्तरांनी घाईत भरलेल्या एकेका रकान्यावर नातवंडांचं किती अवलंबून राहील, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

दोन तारखांतला फरक नुसता हेलपाट्यांचा नसतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये एक निकाल दिला. हरियाणातल्या अपघाताचा दावा होता. मृताच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी १९६९, शाळेच्या दाखल्यावर ७ ऑक्टोबर १९७०. मोटार अपघाताची भरपाई काढताना मृताच्या वार्षिक उत्पन्नाला वयानुसार ठरलेल्या आकड्यानं गुणतात; ४१ ते ४५ वयाला १४, ४६ ते ५० ला १३. उच्च न्यायालयानं आधार धरून १३ लावला होता. सर्वोच्च न्यायालयानं शाळेचा दाखला ग्राह्य धरला आणि १४ लावला. आधार ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही, हे आधार प्राधिकरणाचं स्वतःचंच म्हणणं न्यायालयानं नोंदवलं. मशीनच्या एक तारखेनं एका विधवेच्या हिशेबातून एक वर्षाची कमाई वजा झाली होती, ती मास्तरांच्या वहीनं परत आली.

आता हा सगळा गुंता एका कायद्यानं सोडवायचं ठरलं आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या २०२३ च्या सुधारणेनुसार १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळा प्रवेश, लायसन्स, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी, पासपोर्ट अशा कामांना जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा एकमेव पुरावा असेल. मास्तरांना आता तारीख द्यावी लागणार नाही. बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात, त्यामुळे बहुतेकांचं भलंच होईल. माझा जन्म अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यातला. मला दाखला मिळाला आणि तारखेसाठी कधी कुणाला विचारावं लागलं नाही.

पण दसरा-दिवाळीनंतर सोनपेठ तालुक्यातून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला निघतात, कोल्हापूर-सांगलीकडे, कर्नाटकात. त्यात दिवस भरत आलेल्या बायका असतात. फडाशेजारच्या कोपीत बाळ झालं, तर कायद्यानं नोंद जन्म झाला त्या गावी करायची, सोनपेठला नाही. चालत्या वाहनात झालं तर पहिल्या थांब्याच्या गावी. मुदत २१ दिवसांची. टोळी तोवर पुढच्या फडावर गेलेली असते आणि पट्टा पडेपर्यंत तिथला निबंधक कोण हे विचारायला सवड नसते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, आणि मार्च २०२५ मध्ये राज्य सरकारनं या उशिराच्या नोंदींची पद्धत आणखी कडक केली आहे.

जुन्या नियम ४ च्या यादीत सात-आठ दारं होती आणि शेवटी शपथेची एक खिडकी. नव्या व्यवस्थेत दार एकच आहे. ते जास्त भक्कम आहे, यात शंका नाही. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेली पहिली मुलं २०४१ च्या ऑक्टोबरात अठरा वर्षांची होतील आणि लायसन्सच्या खिडकीशी येतील. त्यांतलं कोपीत जन्मलेलं एखादं पोर दाखल्याशिवाय आलं, तर त्याच्यासाठी रजिस्टरात तारीख लिहून ठेवलेली नसेल. त्याची सोय आजच करायची तर निबंधकानं हंगामात फडावर गेलं पाहिजे, जसे एकेकाळी मास्तर वस्तीवर जात होते.