बालाघाटचा कौल

आमच्या जुन्या घरांतून एक समजूत फार वर्षे चालत आली. बालाघाटचे राजकारण म्हणजे इतरांचे राजकारण, आपण केवळ साक्षीदार, अशी ती समजूत. ती बरीचशी खोटी आहे, असे सरकारी नोकरीतल्या निवडणूक-कामाच्या अनुभवावरून मला वाटू लागले आहे.

भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून 1867 मध्ये हा जिल्हा घडविला गेला. म्हणजे जन्मतःच तो जोडकाम. पोवारी, मराठी, हिंदी, लोधी, गोंडी अशा बोली एका तहसिलीत ऐकू येतात. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नागपूरची राजधानी गेली, मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपण भोपाळच्या वाट्याला आलो. आमच्या आजोबांच्या पिढीला हा घाव होता. पण त्या घावाचे रूपांतर मतांत कधी झाले नाही. मराठी म्हणून आपण एकगठ्ठा मतदान केले, असे एकही उदाहरण मला आठवत नाही. वर्तमानपत्र नागपूरचे, नातीगोती गोंदियाची आणि मत मात्र इथल्या माणसाकडे पाहून, हीच रीत राहिली.

लोकसभेचा इतिहास पाहिला तर एक विलक्षण गोष्ट दिसते. 1957, 1967 व 1971 मध्ये काँग्रेसचे सी. डी. गौतम निवडून आले. पण मध्ये 1962 साली प्रजासमाजवादी पक्षाचे भोलाराम पारधी आले. पुढे 1977 साली मध्य प्रदेशातील 40 पैकी 37 जागा जनता पक्षाने जिंकल्या, तेव्हाही बालाघाटने जनता पक्षाचा माणूस धाडला नाही. धाडले ते रिपब्लिकन पक्षाच्या खोब्रागडे गटाचे कचरूलाल हेमराज जैन यांना. जैन आडनावाचा रिपब्लिकन खासदार, ही गंमत इतिहासकारांनी फारशी टिपलेली नाही.

हे वारे कुठून आले? माझे अनुमान भंडाऱ्याकडे बोट दाखवते. 1954 च्या भंडारा पोटनिवडणुकीत प्रजासमाजवादी अशोक मेहता विजयी झाले व डॉ. बाबासाहेब आंबेडकर राखीव जागेवर पराभूत झाले. त्यानंतर 1956 ची नागपूरची धम्मदीक्षा व 1957 मध्ये तेथेच स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष. राज्याची सीमा कागदावर आखली गेली, तरी सभा-संमेलनांना जाणारे लोक गोंदियाच्या गाडीने येजा करीतच राहिले. भोपाळला जे उमगत नव्हते, ते वैनगंगेकाठी सहज उमगत होते.

त्या 1977 च्या मतदानाला मी विद्यार्थी होतो. वडील व आजी एकाच रिक्षाने मतदानाला गेले, एकाच रिक्षाने परतले, आणि कोणाच्या चिन्हावर शिक्का मारला हे दोघांनीही अखेरपर्यंत सांगितले नाही. दोघांचे चिन्ह एकच नव्हते, एवढे मात्र त्या दिवशीच्या जेवणाच्या पंगतीवरून आम्हां मुलांना कळले.

1980 व 1984 मध्ये काँग्रेसचे नंदकिशोर शर्मा आले, आणि 1989 मध्ये कंकर मुंजारे अपक्ष म्हणून निवडून गेले. अठरा वर्षांच्या तरुणांना मताधिकार मिळाल्यावरची ती पहिली लोकसभा निवडणूक. 1962, 1977, 1989 : तीन बंडे, तीन निरनिराळे झेंडे. विश्वेश्वर भगत यांच्या 1991 व 1996 च्या विजयांनंतर काँग्रेसचे पर्व संपले. 1998 च्या गौरीशंकर बिसेन यांच्यापासून 2024 च्या भारती पारधी यांच्यापर्यंत सातही वेळा भारतीय जनता पक्ष. त्यातील प्रह्लाद पटेल तर नरसिंहपूरकडचे.

म्हणजे बंडखोरी संपली काय? मला तसे वाटत नाही. तिने जागा बदलली. 2018 मध्ये वारासिवनीने प्रदीप जायस्वाल यांना अपक्ष निवडले. 2023 मध्ये राज्यभर भाजपला 230 पैकी 163 जागा मिळाल्या, पण जिल्ह्यातील सहांपैकी चार काँग्रेसला गेल्या. सात वेळा आमदार झालेले बिसेन अनुभा मुंजारे यांच्याकडून हरले. सहा महिन्यांच्या आत याच मतदारांनी दिल्लीसाठी पुन्हा भाजपलाच निवडले. गल्लीचा हिशेब वेगळा, दिल्लीचा वेगळा. याला लहरीपणा म्हणणाऱ्यांनी बैहर-लांजीच्या मतदान केंद्रांवर एक दिवस बसून पाहावे. नक्षल्यांच्या भयाने तेथे दुपारी तीन वाजताच मतदान आटोपे, तरी सकाळपासून रांग लागलेली असे. 1999 साली परिवहन मंत्री लिखीराम कावरे यांची नक्षलवाद्यांनी हत्या केली, त्यानंतरही ती रांग मोडली नाही.

2024 च्या लोकसभेला कंकर मुंजारे बहुजन समाज पक्षाकडून उभे राहिले, तर पत्नी अनुभा काँग्रेसच्या आमदार. एका छपराखाली दोन पक्ष नकोत म्हणून त्यांनी 19 एप्रिलच्या मतदानापर्यंत घर सोडले व धरणाजवळच्या झोपडीत मुक्काम केला. ही बातमी देशभर छापून आली आणि लोकांना हसू आले. मला मात्र आमची ती 1977 ची रिक्षा आठवली.