तळटीप : ‘गोळी पोटात, दुखणं डोक्यात’

* करी रोडच्या चाळीतले आजोबा डॉक्टरांना इथे जे विचारतात, ते अगदी रास्त आहे. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात, की बहुतेक औषधे तिथेच अडतात. फ्लुओक्सेटीनसारखी नैराश्यावरची औषधे आत शिरतात, पण अंगभरही पसरतात. मळमळ होते ती त्यामुळे. गुण यायला काही आठवडे लागतात, मात्र तो उशीर मुख्यतः मेंदूत सावकाश होणाऱ्या बदलांमुळे. तो नॅनोकणांनी (औषध वाहून नेणाऱ्या अतिसूक्ष्म कणांनी) नाहीसा होईल, अशी आशा कुणी लावू नये आणि चालू गोळी तर मुळीच बंद करू नये.

नाकाच्या छताशी वासाच्या मज्जातंतूंची टोके असतात. तिथून हा अडसर टाळून मेंदूकडे थेट वाट आहे. दिल्लीच्या जामिया हमदर्दमधील संशोधकांनी व्हेन्लाफॅक्सीन हे औषध समुद्री शेवाळातल्या अल्जिनेटच्या सूक्ष्म कणांत भरून उंदरांना याच वाटेने दिले; तो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. माणसांसाठी त्याचे हे नाकातून द्यायचे रूप अजून दुकानात आलेले नाही. अशा नॅनोकणांवर करी रोडहून तिसऱ्याच स्टेशनावर, माटुंग्याच्या आयसीटीतही (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, स्थापना १९३३) काम चालते.