चौदा पानांची पंगत

पाडव्याला आमच्या घरी जेवायला चौदा पाने मांडतात. आई प्रत्येक पानाशी थांबून कोण आले, कोण यायचे राहिले ते मोजते. परवा चौथीच्या मुलांना गोष्ट सांगण्यासाठी जुनी टिपणे चाळताना हाच आकडा मला भलत्याच ठिकाणी भेटला.

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेला, सुमारे हजार किलोमीटर दूर, गॅलापागोस बेटे आहेत. त्यांपैकी एस्पान्योला बेटावर खोगिरासारख्या पाठीची, लांब मानेची प्रचंड कासवे राहतात. ती दुसरीकडे कुठेच उपजली नाहीत. एकोणिसाव्या शतकात देवमाशांची शिकार करणारी गलबते या बेटांवर थांबत. अन्नपाण्यावाचून महिनोन्‌महिने जगण्याचा गुणच कासवांच्या मुळावर आला. खलाशी ती जिवंत उचलून गलबताच्या तळाशी रचीत आणि लागतील तशी कापीत. किती उचलली, हे त्यांच्या रोजनिशीत नोंदलेले सापडते. मोजणी तीही होतीच, पण शिध्याची! पुढे माणसांनी सोडलेल्या बकऱ्यांनी बेटावरचा पाला फस्त केला.

दुसरी मोजणी झाली ती १९६३ ते १९७४ या काळात. सारे बेट धुंडाळून सापडली अवघी १४ : १२ माद्या आणि २ नर. तीही इतकी विखुरलेली, की एकमेकांची गाठ पडणे मुश्कील. त्यांना सांताक्रूझ बेटावरच्या चार्ल्स डार्विन संशोधन केंद्रात आणले. अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातून तिसरा नर आला. त्याचे नाव दिएगो. १९७५ पासून पिले बेटावर सोडू लागले, आणि १९७८ मध्ये बेट बकऱ्यांपासून मोकळे झाले.

जून २०२० मध्ये हे पंधरा वडीलधारे घरी परतले, तेव्हा तेथे सुमारे दोन हजार कासवे नांदत होती. वर्तमानपत्रांनी श्रेय दिएगोला दिले. पण अनुवंशाच्या तपासणीत निम्म्याहून अधिक संतती दुसऱ्याच एका नराची निघाली. मागच्या बाकावरचे मूल पहिले यावे आणि मास्तरांना त्याचे नावच आठवू नये, तसेच हे झाले.

याच बेटांपैकी पिंटा बेटावर मात्र मोजणारे उशिरा पोचले. १९७१ मध्ये तेथे एकच नर सापडला. लोकांनी त्याला ‘एकाकी जॉर्ज’ म्हटले. जोडीदारीण शोधून मिळाली नाही. २४ जून २०१२ रोजी तो गेला आणि त्याच्याबरोबर त्याचे कूळही गेले.

मी ही गोष्ट घरी सांगितली, तेव्हा आई लाडू वळीत होती. ती एवढेच म्हणाली, “धाकट्याला पत्र टाक. यंदा तरी ये म्हणावं.”

पत्र मी त्याच रात्री टाकले.