हर्रासातला कचरा, निविदेतला कचरा

नगर परिषदेने कचरा उचलायला ठेकेदार नेमायचा आणि टनामागे किंवा महिन्याकाठी त्याला पैसे मोजायचे, ही रीत आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्या उलट काही असेल असे कोणाला वाटतही नाही. पण गावाच्या कचऱ्याचे पैसे पालिकेला मिळत होते, तो काळ काही फार दूरचा नाही. खड्ड्यात खत मुरले की त्याचा हर्रास व्हायचा. चढी बोली बोलणारा शेतकरी बैलबंड्या जुंपून ते घेऊन जायचा. पालिकेच्या हिशेबात ‘खतविक्री’ हे जमेच्या बाजूचे खाते होते.

आज बोली उतरती लागते. सगळ्यांत कमी दर भरणाऱ्याला काम मिळते. चढत्या बोलीची उतरती बोली कशी झाली, हे अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शीसारख्या गावाने समजून घ्यायला हवे, कारण निविदेच्या कागदावर जे लिहिले जाते त्यावर गावाची पुढची काही वर्षे ठरतात.

सातपुड्याच्या पायथ्याचा मोर्शी-वरुड हा संत्रापट्टा. जवळच सिंभोऱ्याला वर्धा नदी अडवून ऊर्ध्व वर्धा धरण झाले आणि त्याचे पाणी अमरावती शहरापर्यंत गेले. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला, तेव्हापासून इथले नागरी कायदे मुंबई-पुण्याहून वेगळ्या वाटेने आले. १८८६ चा वऱ्हाडचा नगरपालिका कायदा, मग १९२२ चा मध्य प्रांत व वऱ्हाड नगरपालिका कायदा, आणि महाराष्ट्र झाल्यावर १९६५ चा नगर परिषद कायदा. रस्ते झाडणे आणि घाण हटवणे हे पालिकेच्या बंधनकारक कामांत मोडते. हे काम ठेकेदाराला देता येते, पण जबाबदारी पालिकेचीच राहते.

काम कोण करत होते, हेही सांगितले पाहिजे. टोपलीच्या संडासांच्या काळात मैला डोक्यावरून वाहणारी माणसे एकाच समाजातली होती. वऱ्हाड-नागपुरात त्यांना मेहतर म्हणत. यांतली पुष्कळ कुटुंबे उत्तरेकडून आलेली. कित्येक शहरांत अमुक गल्ली अमुक कुटुंबाची, अशी वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या चाले. मुंबई राज्याने १९४९ मध्ये वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली या कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला समिती नेमली. डोक्यावरून मैला वाहण्यावर बंदी घालणारा पहिला केंद्रीय कायदा मात्र १९९३ साली आला आणि तो अपुरा पडला म्हणून दुसरा २०१३ मध्ये करावा लागला. कचऱ्याला किंमत होती त्या काळातही तो उचलणाऱ्याच्या पदरात त्या किमतीतले फारसे पडले नाही.

किंमत होती, ती शेतीमुळे. पुण्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहराचा मैला राख-मातीत मिसळून त्याचे सोनखत होऊ लागले. आधी शेतकरी त्याला शिवायला तयार नव्हते. मुठा कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला, सोनखताने उतारा वाढतो हे दिसले, आणि मग मागणी वाढली.

पुढचे मोठे पाऊल इंदूरला पडले. तिथल्या वनस्पती-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्र आणि माती यांचे थर देऊन, ठरावीक दिवसांनी ढीग उलटून खत करण्याची पद्धत बसवली. दोघांच्या नावावर १९३१ साली तिच्यावरचे पुस्तक निघाले. जगभर ‘इंदूर पद्धत’ हॉवर्डच्या नावाने गाजली. वाडांचे नाव महाराष्ट्रातही फार थोड्यांना ठाऊक आहे. पुढे बंगळुरूला चि. ना. आचार्य यांनी शहरांसाठी वेगळी तऱ्हा काढली. हातभर कचरा, त्यावर मैल्याचा पातळ थर, पुन्हा कचरा, असा चर भरत आणायचा, वरून चिखलाने लिंपून बंद करायचा आणि चार-सहा महिने त्याला हात लावायचा नाही. ढीग उलटायची मजुरी वाचली, माशा आणि वासही आटोक्यात आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम सुरू झाली, तेव्हा हीच पद्धत देशभरच्या नगरपालिकांनी उचलली. गावाबाहेरच्या कचऱ्याच्या जागेला ‘कंपोस्ट डेपो’ हे नाव तेव्हापासून चिकटले. अमरावतीच्या सुकळीच्या जागेला लोक आजही कंपोस्ट डेपो म्हणतात, जरी तिथे डोंगर साचले ते मिश्र कचऱ्याचे.

मग खरेदीदार गेला कुठे? साठच्या दशकानंतर युरियाची पोती गावोगाव पोचली. घरोघरी फ्लशचे संडास झाले आणि मैला शोषखड्ड्यात, गटारात गेला. त्यानंतर प्लॅस्टिक आले. घरातून निघणारा कचरा पूर्वी राख, साली, पालापाचोळा, केरमाती एवढाच असे. आता त्यात पिशव्या, पाऊच, औषधांच्या पट्ट्या, लहान मुलांचे डायपर आले. असे खत शेतात टाकले तर वखराला पिशव्या अडकतात आणि काचेने बैलाचे पाय कापतात. शेतकऱ्याने घेणे थांबवले. कचरा विकणारी पालिका कचरा नेण्यासाठी पैसे मोजू लागली.

लंडनमध्ये हे आणखी आधी घडले होते. तिथल्या घरांत कोळसा जळे, आणि राख विटा करायला लागे. म्हणून अठराव्या शतकाच्या शेवटाला आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला ठेकेदारच स्थानिक मंडळांना पैसे देऊन राख उचलण्याचा हक्क विकत घेत. डिकन्सने ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’ या कादंबरीत असल्या ढिगाऱ्यांवर गबर झालेला माणूस उभा केला आहे. विटांचा बाजार बसला, शहर पसरले, वाहतूक महागली, आणि मंडळांनाच ठेकेदारांना पैसे द्यावे लागले. माल विकला जातो तोवर ठेकेदार तो झाडून नेतो, काळजीने वेगळा करतो. माल विकला जाणे थांबले की त्याची कमाई फक्त वाहतुकीच्या बिलात उरते.

मुंबईकडे शेतकरी गिऱ्हाईक नव्हतेच, म्हणून तिने कचऱ्याने जमीन भरली. चेंबूरच्या पाणथळीत कचरा नेण्यासाठी १९०६ मध्ये कुर्ला-चेंबूर रेल्वे टाकली गेली. माणसांसाठी ती खुली झाली १९२४ साली. देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. जानेवारी २०१६ मध्ये तिला लागलेल्या आगीचा धूर कित्येक दिवस शहरावर होता.

आजच्या निविदांमागे न्यायालय आहे. १९९६ मध्ये अल्मित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि त्यातून २००० साली देशाला घनकचऱ्याचे पहिले नियम मिळाले. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घातक घरगुती कचरा घरातच वेगळा करण्याचे बंधन घातले. स्वच्छ भारत अभियान २०१४ मध्ये आले. अनुदान आले, त्यासोबत सविस्तर प्रकल्प अहवाल आला आणि ई-निविदा आली. नाशिकने नव्वदच्या दशकात चालवलेली घंटागाडी आता मोर्शीच्या गल्लीतही ओळखीची झाली आहे.

निविदेची पद्धत सरळ आहे. बयाणा रक्कम भरायची, मग दोन लिफाफे. तांत्रिक लिफाफ्यात अनुभव, वाहने, उलाढाल. त्यात उत्तीर्ण होणाऱ्यांचाच आर्थिक लिफाफा उघडतो आणि सर्वांत कमी दर असलेल्याशी करार होतो. रस्ता बांधताना कमी दर म्हटला तर खडी-डांबराच्या भावाशी त्याची तुलना करता येते. कचऱ्याच्या कामात मोठा खर्च माणसांचा आणि डिझेलचा. डिझेलचा भाव पंपावर ठरतो, तो कोणाला कमी करता येत नाही. म्हणून अंदाजपत्रकाच्या बराच खाली भरलेला दर शेवटी मजुरीतून, भविष्य निर्वाह निधीतून, हातमोजे आणि बुटांतून भरून काढला जातो.

मुंबईत हे न्यायालयात सिद्ध झाले. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याला वीस कामगारांची मर्यादा होती. ठेक्याचे तुकडे असे पाडले गेले की एका ठेकेदाराकडे वीसपेक्षा कमी माणसे दिसावीत. कामगारांना कामगार न म्हणता ‘स्वयंसेवक’ आणि पगाराला ‘मानधन’ म्हटले गेले. कचरा वाहतूक श्रमिक संघाने हा लढा वीस वर्षांच्या आसपास चालवला, आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना महापालिकेत कायम करण्याचा निकाल दिला. त्या कामगारांतले काही तोवर हयात नव्हते.

दुसरी खोट मोजमापात आहे. नागपूरने २००८ मध्ये घरोघरचा कचरा खासगी कंपनीकडे सोपवला आणि पैसे वजनावर ठरले. कचऱ्यात माती-मलबा मिसळून वजन वाढवल्याच्या तक्रारी तिथे वारंवार झाल्या. टनामागे पैसे मिळत असतील तर वेगळा केलेला, वाळलेला, हलका कचरा हे ठेकेदाराचे नुकसानच. ओला-सुका एकत्र करून काट्यावर चढवला तर बिल फुगते. घराघरांत दोन बादल्या ठेवणारी गृहिणी समोरच्या गाडीत दोन्ही कचरे एकत्र पडताना पाहते, त्याचे मूळ पुष्कळदा करारातल्या या एका ओळीत असते.

वेगळे मार्ग महाराष्ट्रातच निघाले आहेत. पुण्यात कचरावेचक स्त्रियांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. सेवाशुल्क घरांकडून थेट काम करणाऱ्या स्त्रीला मिळते, आणि सुक्या मालाच्या विक्रीची कमाईही तिचीच. त्यामुळे माल वेगळा करण्यात तिचा फायदा आहे. कोकणातल्या वेंगुर्ल्यात मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात कचरा वीसहून अधिक प्रकारांत वेगळा होऊ लागला, प्लॅस्टिक दळून डांबरी रस्त्यांत गेले, आणि डेपोचे ‘स्वच्छ भारत पर्यटन स्थळ’ झाले. वेंगुर्ला मोर्शीहून लहान गाव आहे.

अमरावती जिल्ह्याला तर झाडूचा वारसा आहे. गाडगेबाबा १८७६ साली शेंडगावला जन्मले, आणि २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ गेले. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचे, हा त्यांचा नेम. राज्याने २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियानाला आणि पुढे अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव दिले. बाबांनी मोबदला नाकारला तो स्वतःच्या इच्छेने. पोटासाठी झाडणाऱ्याचा मोबदला कमी दराच्या नावाखाली कापणे, हे त्यांच्या नावाने चालणाऱ्या राज्यात खपता कामा नये.

मोर्शीला एक गोष्ट अनुकूल आहे, ती म्हणजे गिऱ्हाईक शिवारातच आहे. पूर्ण वाढलेल्या संत्र्याच्या झाडाला वर्षाला ४० ते ५० किलो शेणखत लागते. बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले, आणि शेणखताचा भाव चढला. दुसरीकडे आंबिया बहाराच्या फळगळीत सडकी संत्री रस्त्याकडेला फेकली जातात, बाजारात कुजलेला माल आणि पेट्यांत भरलेले कुटार उरते. राज्याने नगर परिषदांच्या खताला ‘हरित महासिटी कंपोस्ट’ ही मुद्रा दिली आहे. तपासणीत उतरलेले खत त्या नावाने विकता येते. ओला कचरा खरोखर वेगळा राहिला, तरच ते तपासणीत उतरेल.

म्हणून मोर्शीच्या पुढच्या निविदेत काही गोष्टी लिहूनच घेतल्या पाहिजेत. पैसे नुसत्या वजनावर न ठरवता वेगळा कचरा देणाऱ्या घरांच्या संख्येवर आणि विकल्या गेलेल्या खतावर ठरावेत. किमान वेतन आणि भविष्य निर्वाह निधी या रकमा दराच्या स्पर्धेतून बाहेर काढून स्थिर ठेवाव्यात, म्हणजे बोली फक्त वाहन, यंत्र आणि व्यवस्थापनावर लागेल. मजुरी थेट बँक खात्यात जावी आणि पावती दाखवल्याशिवाय ठेकेदाराचे बिल निघू नये. काट्याच्या पावत्या नगर परिषदेच्या फलकावर दर महिन्याला लागाव्यात. आधीपासून काम करणाऱ्यांना नव्या ठेकेदाराने घ्यावे, असे कलम असावे, नाहीतर दर वेळी ठेका बदलला की तीच माणसे रस्त्यावर येतात.

राज्यातल्या बहुतेक नगर परिषदांवर काही वर्षे प्रशासक होते. ठेके त्यांच्याच सहीने निघाले, सभेत चर्चा झाली नाही. डिसेंबर २०२५ मधल्या निवडणुकांनंतर सभागृहे पुन्हा भरली आहेत. निविदेचा मसुदा प्रसिद्धीला जाण्याआधी सर्वसाधारण सभेत वाचला जावा, अशी मागणी कोणताही नगरसेवक आता करू शकतो. आर्थिक लिफाफा उघडल्यावर अटी बदलता येत नाहीत. त्या आधीच्या बैठकीतच बदलाव्या लागतात.